नाळेतील पाण्याची गाठ: सोनोग्राफीच्या रिपोर्टनंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये गर्भवतींच्या सोनोग्राफीचे काम करते. रिपोर्टमध्ये 'अम्बिलिकल कॉर्ड सिस्ट' ही ओळ आली की त्याच संध्याकाळपासून प्रश्न येऊ लागतात. काही प्रश्न शहरातून येतात, काही निफाड-दिंडोरीकडून, तर काही पेठ-सुरगाण्याच्या आशाताईंमार्फत. बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. कोणतेही उत्तर स्वतंत्रपणे वाचले तरी समजावे असा प्रयत्न आहे, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आपली फाईल पाहून आपले डॉक्टर जे सांगतील, ते अर्थातच यापेक्षा वरचढ मानावे.

१. रिपोर्टमध्ये लिहिलेली 'कॉर्ड सिस्ट' म्हणजे नेमके काय?

नाळेच्या आत किंवा तिला लागून, पातळ आवरणाची आणि द्रवाने भरलेली एक छोटी पोकळी दिसली, एवढाच या शब्दांचा अर्थ आहे. नाळेत सामान्यतः तीन रक्तवाहिन्या असतात. वारेकडून बाळाकडे प्राणवायू आणि पोषण नेणारी एक नीला असते, आणि बाळाकडून वारेकडे रक्त परत नेणाऱ्या दोन रोहिण्या असतात. या तिघींभोवती व्हार्टन्स जेली नावाचा, थंड झालेल्या साबुदाण्याच्या लापशीसारखा बुळबुळीत पदार्थ असतो आणि तो रक्तवाहिन्यांना दबू देत नाही. सोनोग्राफीत द्रव काळा दिसत असल्यामुळे ही सिस्ट पडद्यावर नाळेच्या दोरीत ओवलेल्या काळ्या मण्यासारखी दिसते. तिच्या दोन कडांवर फुल्या ठेवून मोजलेले माप रिपोर्टमध्ये मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते.

हे निरीक्षण आहे, निदान नव्हे. त्याचा अर्थ लावण्यासाठी चार गोष्टी पाहाव्या लागतात: किती आठवड्यांना दिसली, एक आहे की अनेक, पुढच्या तपासणीत टिकली की नाही, आणि तिच्यासोबत बाळात दुसरे काही वेगळे आढळले का. पुढील जवळजवळ प्रत्येक उत्तर या चारांपैकी कशाशी तरी येऊन ठेपते.

२. सासूबाई म्हणतात, 'नाळेला गाठ पडली, आता बाळाचा श्वास अडकणार.' हे खरे आहे का?

हा घोळ आपल्या भाषेनेच घातला आहे. मराठीत दोरीला पडते तीही गाठ आणि अंगावर येते तीही गाठ. रिपोर्टमधील सिस्ट म्हणजे द्रवाची पुटकुळी असते, तिथे नाळेला पीळ पडलेला नसतो. नाळ खरोखर दोरीसारखी गाठाळली जाण्याचा प्रकारही असतो. बाळ फिरताना नाळेच्या वेढ्यातून पार झाले की ती गाठ पडते, आणि साधारण शंभरात एका बाळंतपणात ती आढळते. पण ती वेगळी गोष्ट आहे आणि या लेखाचा विषय नाही. घरी सांगताना 'नाळेवर पाण्याचा फुगा दिसला आहे' असे सांगावे. निम्मी घबराट तिथेच ओसरते, असा माझा अनुभव आहे.

बाळ पोटात असताना फुप्फुसांनी श्वास घेत नाही, त्यामुळे 'श्वास अडकणे' हा शब्दही येथे लागू पडत नाही. खरा प्रश्न रक्तप्रवाहाचा असतो. त्यासाठी प्रश्न ११ पाहावा.

३. ही कॅन्सरची गाठ तर नाही ना?

नाही. नाळेवर रक्तवाहिन्यांची साधी, पसरत न जाणारी गाठ क्वचित आढळते आणि तिच्याभोवती कधी द्रवही साचतो, पण कलर डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) आणि तिच्या भरीव दिसण्यावरून ती वेगळी ओळखता येते.

४. 'खरी सिस्ट' आणि 'खोटी सिस्ट' असे दोन प्रकार वाचले. माझी कोणती?

खऱ्या सिस्टला आतून पेशींचे अस्तर असते. गर्भाच्या सुरुवातीच्या काळात मूत्राशयाकडून आणि आतड्याकडून नाळेत जाणाऱ्या दोन बारीक नलिका असतात. पुढे त्या बंद होऊन विरून जातात, पण त्यांचा एखादा तुकडा मागे राहिला तर त्यातून खरी सिस्ट तयार होते. साहजिकच ती बहुधा बाळाच्या पोटाकडील टोकाला असते. खोट्या सिस्टला असे अस्तर नसते. जेलीत एका जागी पाणी साचल्याने किंवा जेली विरघळल्याने ती तयार होते, नाळेवर कुठेही असू शकते, आणि प्रत्यक्षात हाच प्रकार जास्त आढळतो.

आता दुसऱ्या भागाचे उत्तर. सोनोग्राफीवरून हे दोन प्रकार खात्रीने वेगळे करता येत नाहीत. अस्तर आहे की नाही हे बाळंतपणानंतर नाळेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ठरते. त्यामुळे 'खरी की खोटी' या प्रश्नामागे गरोदरपणात वेळ घालवू नये. खोटी म्हणजे निरुपद्रवी आणि खरी म्हणजे घातक, असा अर्थ तर मुळीच काढू नये; उलट गुणसूत्रांच्या दोषांशी संबंध खोट्या सिस्टचाही आढळला आहे.

५. मला नववा आठवडा चालू आहे आणि ४ मिलिमीटरची एक सिस्ट दिसली. किती काळजी करावी?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि सुदैवाने त्याचे उत्तर बहुतेक वेळा चांगले असते. पहिल्या तीन महिन्यांत काळजीपूर्वक पाहिल्यास अशा सिस्ट वेगवेगळ्या अभ्यासांत सुमारे ०.४ ते ३.४ टक्के गर्भांत आढळल्या आहेत. म्हणजे त्या दुर्मिळ म्हणाव्या इतक्याही कमी नाहीत. पूर्वी त्या दिसत नव्हत्या, आता योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत आणि चांगल्या यंत्रांवर दिसू लागल्या आहेत. त्यांतील बऱ्याचशा बारा ते चौदा आठवड्यांपर्यंत आपोआप नाहीशा होतात. एकच सिस्ट असेल, पुढील तपासणीत ती दिसली नाही आणि बाळाची वाढ व रचना व्यवस्थित असेल, तर बाळ निरोगी असण्याची शक्यता इतर कोणत्याही गरोदरपणाइतकीच धरली जाते.

मात्र तीन प्रसंगी डॉक्टर अधिक सावध होतात. एकापेक्षा जास्त सिस्ट असणे हा पहिला प्रसंग, कारण त्यांचा संबंध गर्भपाताशी आणि गुणसूत्रांच्या दोषांशी जास्त आढळला आहे. दुसरा, सिस्ट नाळेच्या मध्यभागी नसून अगदी बाळाच्या पोटाशी किंवा वारेशी असणे. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, ती बाराव्या आठवड्यानंतरही टिकणे.

म्हणून नवव्या आठवड्यात करायचे काम एकच आहे. अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस या काळातली एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) चुकवायची नाही आणि तेथे आधीचा रिपोर्ट सोबत न्यायचा. मधल्या काळात दर आठवड्याला 'गेली का' हे पाहण्यासाठी सोनोग्राफी करून घेण्याचा आग्रह काही जोडपी धरतात. त्यातून उपयोगी माहिती मिळत नाही, केवळ झोप उडते.

६. मी ग्रहणात बाहेर पडले होते, उंच दोरीवर कपडे वाळत घातले होते, आणि द्राक्षबागेत फवारणी चालू असताना तेथे होते. त्यामुळे तर असे झाले नाही?

हे तीन प्रश्न तीन वेगवेगळ्या बायकांनी विचारलेले आहेत. उत्तर एकत्र देत आहे. ग्रहणाचा आणि हात वर करून काम करण्याचा नाळेशी काहीही संबंध नाही. फवारणीमुळे नाळेत सिस्ट होते असेही सिद्ध झालेले नाही, त्यामुळे स्वतःला किंवा शेतावर नेणाऱ्या घरच्यांना दोष देऊ नये. परंतु ग्रहण आणि फवारणी यांना एकाच मापाने मोजूही नये. कीटकनाशके गरोदर बाईसाठी इतर कारणांनी अपायकारक असू शकतात. निफाड-दिंडोरी पट्ट्यात छाटणीनंतर फवारणीचा हंगाम सुरू झाला की गरोदर बाईने बागेत जाऊ नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत आणि औषधाचे डबे हाताळू नयेत, हे सिस्ट असो वा नसो पाळलेच पाहिजे.

७. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत सिस्ट दिसली. आधीच्या रिपोर्टमध्ये नव्हती, किंवा होती आणि गेलीच नाही. आता काय?

येथे सूर बदलावा लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत दिसणारी सिस्ट पहिल्या तिमाहीतल्या सिस्टपेक्षा कमी आढळते, पण तिला वजन जास्त असते. वैद्यकीय वाङ्मयात अशा गर्भांपैकी साधारण २० टक्के, आणि काही अभ्यासांत त्याहून अधिक, गर्भांत रचनेचा किंवा गुणसूत्रांचा दोष आढळल्याची नोंद आहे. हा आकडा वाचून खचून जाऊ नये, कारण त्यातील बरेचसे रुग्ण काहीतरी संशय आल्यामुळेच मोठ्या केंद्रांकडे पाठवलेले होते आणि त्यामुळे प्रमाण फुगलेले असू शकते. परंतु 'असते कधीकधी' म्हणून सोडूनही देऊ नये.

गुणसूत्रांच्या दोषांपैकी ट्रायसोमी १८ (अठरावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असणे) आणि त्याखालोखाल ट्रायसोमी १३ यांचा संबंध विशेष आढळतो. रचनेच्या दोषांत बेंबीतून आतडी किंवा यकृत बाहेर नाळेच्या बुडाशी येणे, मूत्राशय आणि बेंबी यांमधील नलिका उघडी राहणे, मणक्याचे, गुदद्वाराचे आणि हृदयाचे दोष यांचा समावेश होतो. म्हणून अठरा ते बावीस आठवड्यांदरम्यान ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळाची रचना अवयवागणिक पाहणारी सोनोग्राफी, नीट वेळ देऊन करावी लागते. मी स्वतः अशा वेळी सिस्ट शेवटी पाहते. आधी बाळाच्या मुठी उघडतात का, हृदयाचे चार कप्पे आणि बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या नीट आहेत का, पावलांची ठेवण, मणक्याची रांग, पोटाची भिंत आणि मूत्राशय हे पाहून होते. ट्रायसोमी १८ मध्ये मुठी अनेकदा घट्ट मिटलेल्या आणि बोटे एकमेकांवर चढलेली राहतात, त्यामुळे बाळाने पंजा पसरून पाच बोटे दाखवली की तपासणाऱ्याच्याही मनावरचे ओझे थोडे उतरते. गरजेनुसार बाळाच्या हृदयाची स्वतंत्र इको तपासणीही सुचवली जाते.

हे सर्व व्यवस्थित असेल आणि सिस्ट एकटीच असेल, तर दृष्टिकोन पुन्हा आशादायक होतो.

८. एका सेंटरमध्ये सिस्ट सांगितली, दुसऱ्या ठिकाणी 'काही नाही' म्हणाले. खरे कोणाचे मानायचे?

दोघांचेही खरे असू शकते. मधल्या काळात सिस्ट विरली असेल, किंवा पहिल्या ठिकाणी दुसरेच काही सिस्टसारखे दिसले असेल. ही गल्लत कशी होते ते समजून घेण्यासारखे आहे.

आठव्या-नवव्या आठवड्यात सर्वांत जास्त फसवते ती 'योक सॅक', म्हणजे सुरुवातीच्या काळात गर्भाला पोषण देणारी छोटी पिशवी. तीही गोल आणि आत काळी असते, पण तिची कड ठळक पांढरी, बांगडीसारखी असते, आणि ती गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याच्या बाहेर असते. नाळेची सिस्ट त्या पडद्याच्या आत असते. यंत्राचा कोन थोडा बदलून तो पडदा दिसला की शंका मिटते. याच काळात, साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यात, बाळाची आतडी काही काळ नाळेच्या बुडाशी बाहेर असतात. ही नैसर्गिक अवस्था आहे आणि बाराव्या आठवड्यापर्यंत आतडी पोटात परततात. त्या फुगवट्यालाही कोणी सिस्ट किंवा हर्निया लिहून बसते. मात्र बाहेर यकृत दिसले, तर ते कोणत्याही आठवड्यात नैसर्गिक नसते.

पुढच्या महिन्यांत रक्तवाहिनी एका जागी फुगलेली असणे हा गल्लतीचा मोठा विषय असतो. साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात ती हुबेहूब सिस्ट दिसते. कलर डॉपलर चालू केले की फुगलेल्या नीलेत किंवा रोहिणीत लाल-निळा रंग भरतो, आणि सिस्ट मात्र काळीच राहते. रिपोर्टमध्ये 'सिस्टमध्ये डॉपलरवर रक्तप्रवाह नाही' अशी नोंद आहे का, हे वाचकांनी स्वतःही पाहावे. नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. नाळेचे एकावर एक आलेले वेढे आणि जेलीचा साधा जाड फुगवटा यांमुळेही असाच भास होतो.

दोन मते वेगळी आली तर तिसरे मत शोधत शहरभर फिरण्यापेक्षा, दोन्ही रिपोर्ट आणि छायाचित्रे घेऊन फीटल मेडिसिनचे (पोटातील बाळाच्या तपासणी-उपचारांचे) काम नियमित करणाऱ्या एकाच तज्ज्ञाकडे जाणे केव्हाही चांगले.

९. डबल मार्कर, एनआयपीटी आणि गर्भजल तपासणी यांतील कोणती करावी?

एकच सिस्ट बारा-तेरा आठवड्यांत गेली असेल तर केवळ तिच्यासाठी वेगळी चाचणी सहसा लागत नाही. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) ही नेहमीची चाळणी पुरते. सिस्ट टिकली असेल पण बाकी सर्व नीट दिसत असेल, तर आईच्या रक्तातून केली जाणारी एनआयपीटी हा पर्याय पुढे येतो. ती ट्रायसोमी २१ (डाउन सिंड्रोम), १८ आणि १३ यांचा धोका बऱ्याच अचूकतेने सांगते, परंतु तीही चाळणीच आहे. 'हाय रिस्क' आले म्हणजे दोष आहेच असे नाही, आणि 'लो रिस्क' आले तरी रचनेचे दोष तिला कळत नाहीत. हे आधी न समजल्यामुळे अनेक जोडपी नंतर गोंधळतात.

सिस्ट अनेक असतील किंवा सिस्टसोबत दुसरा दोष दिसला असेल, तर एनआयपीटीवर पैसे आणि आठ-दहा दिवस घालवण्यापेक्षा थेट निदान करणाऱ्या चाचणीचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अकरा ते चौदा आठवड्यांत वारेचा सूक्ष्म नमुना घेता येतो आणि पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर गर्भजल घेता येते. नेहमीच्या गुणसूत्रांची घाईची तपासणी काही दिवसांत मिळते, पूर्ण अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. प्रश्न १४ मधील कायदेशीर मुदती लक्षात घेता हा वेळेचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

या चाचण्यांनी गर्भपात होतो, ही भीतीही याच प्रश्नासोबत येते. सरावलेल्या हातांत हा धोका साधारण हजारात एक ते पाच इतका आहे. तो शून्य नाही, म्हणून चाचणी कारणाशिवाय करू नये. पण कारण असताना केवळ भीतीपोटी टाळूही नये.

१०. सिस्टसोबत 'सिंगल अम्बिलिकल आर्टरी' असेही लिहिले आहे.

म्हणजे नाळेत दोनऐवजी एकच रोहिणी आहे. ही गोष्ट एकटी असल्यास दर शंभर बाळांमागे एखाद्यात आढळते आणि बहुतेक बाळे ठणठणीत असतात. पण सिस्ट आणि एक रोहिणी अशी जोडी आली, तर तिला 'एकटी सिस्ट' मानता येत नाही. प्रश्न ७ मधील सविस्तर तपासणी, विशेषतः हृदय आणि मूत्रपिंडे, तसेच प्रश्न ९ मधील निदान चाचणीचा विचार लागू होतो.

११. सिस्टमुळे बाळाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो का? सोनोग्राफी किती वेळा करावी?

लहान सिस्टमुळे असे होत नाही. सिस्ट मोठी असेल किंवा वाढत असेल, तर शेजारच्या रक्तवाहिन्यांवर दाब येण्याची शक्यता असते. हे क्वचित घडते, पण घडल्यास गंभीर असते. म्हणून टिकून राहिलेल्या सिस्टमध्ये साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सिस्टचे माप, बाळाची वाढ, गर्भजलाचे प्रमाण आणि नाळेच्या रोहिणीतील रक्तप्रवाह पाहिला जातो. सिस्ट मोठी असेल तर अंतर कमी केले जाते.

सातव्या महिन्यानंतर बाळाच्या हालचालींकडे आईने स्वतः लक्ष ठेवावे. नेहमीपेक्षा हालचाल स्पष्टपणे कमी वाटली तर गोड खाऊन, कुशीवर झोपून सकाळपर्यंत वाट पाहत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

१२. सुईने पाणी काढून टाकता येणार नाही का? किंवा एखादे औषध?

औषध नाही, आयुर्वेदिक काढाही नाही. सुई लावणे ही नेहमीची उपचारपद्धती नाही, कारण सिस्ट ज्या रक्तवाहिन्यांना लागून असते त्यांनाच इजा होण्याची भीती असते.

१३. आम्ही पेठ तालुक्यात राहतो. एवढ्या तपासण्या कुठे आणि कशा करायच्या?

पहिली पायरी गावातील आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतील गरोदर बायकांची सरकारी केंद्रांत मोफत तपासणी होते. रिपोर्ट त्या दिवशी डॉक्टरांना दाखवून संदर्भचिठ्ठी घ्यावी. चिठ्ठी असली की नाशिकला त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, नव्याने सगळी कहाणी सांगावी लागत नाही. शहरातील बायकांना महापालिकेची डॉ. झाकीर हुसेन आणि बिटको ही रुग्णालये जवळची आहेत. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग, क्ष-किरण आणि बालरोग हे विभाग एकाच आवारात मिळतात. सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार मोफत असते. एनआयपीटीचा खर्च मात्र सहसा स्वतःला करावा लागतो.

सावळघाट ओलांडून एका फेरीत जास्तीत जास्त कामे व्हावीत, यासाठी निघण्यापूर्वी फोन करून डॉपलरची सोय त्या दिवशी आहे का, एवढे विचारून घ्यावे. पूर्वीची छायाचित्रे घडी न घालता न्यावीत. औष्णिक कागदावरची ही चित्रे उन्हाने काळी पडतात, म्हणून मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवावा. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या मुलींनाही हेच सांगणे आहे. सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टर बदलतात, फाईल सासरी कपाटात राहते आणि नव्या डॉक्टरांना सिस्टचा पत्ताच नसतो, हे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

प्रत्येक सोनोग्राफीपूर्वी 'एफ' फॉर्मवर सही का घेतात, असेही विचारले जाते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार ती आवश्यक आहे. सिस्ट आहे म्हणून बाळाचे लिंग सांगता येत नाही, आणि कोणी सांगू पाहिल्यास तो गुन्हा आहे.

१४. सिस्ट आहे म्हणून गर्भ काढून टाकावा, असा सल्ला नातेवाईक देतात. कायदा काय म्हणतो?

एकट्या सिस्टसाठी असा सल्ला देण्याला वैद्यकीय आधार नाही. गंभीर दोष सिद्ध झाला असेल तर निर्णय आईचा असतो. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या सुधारणेनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका आणि वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत, ठरवून दिलेल्या परिस्थितींत, दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे मत लागते. चोवीस आठवड्यांनंतर बाळात मोठा दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तरच परवानगी मिळते. म्हणूनच ॲनोमली स्कॅन बावीस-तेवीस आठवड्यांपर्यंत लांबवू नये.

१५. बाळंतपण नॉर्मल होईल की सिझर करावे लागेल?

केवळ सिस्ट आहे म्हणून सिझर होत नाही. फार मोठी सिस्ट, डॉपलरमधील बिघाड किंवा बाळाच्या पोटाच्या भिंतीचा दोष असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. कळा चालू असताना बाळाचे ठोके सतत पाहण्याची सोय असलेले ठिकाण निवडावे, एवढे पुरे.

एक बारीक पण मोलाची सूचना बाळंतपण करणाऱ्यांना आधी द्यावी. सिस्ट किंवा फुगवटा बेंबीजवळ असेल तर नाळेची चाप अगदी पोटालगत लावू नये, फुगवट्याच्या पलीकडे, सुरक्षित अंतरावर लावावी. त्या फुगवट्यात आतड्याचा वळसा किंवा मूत्राशयाकडची उघडी नलिका असू शकते. नंतर नाळेचा तो भाग तपासणीसाठी पाठवता येतो. प्रश्न ४ मधील 'खरी की खोटी' याचा निकाल तेथेच लागतो.

१६. पुढच्या गरोदरपणात पुन्हा होईल का?

एकटी सिस्ट घराण्यात चालत येत नाही. गुणसूत्रांचा दोष सापडला असेल तर मात्र पुढील गरोदरपणापूर्वी जनुकीय सल्ला घ्यावा.

१७. बेंबीजवळची मोठी सिस्ट आठव्या महिन्यात अचानक दिसेनाशी झाली. आता निश्चिंत व्हावे ना?

पहिल्या तिमाहीत सिस्ट जाणे आणि शेवटच्या महिन्यांत बेंबीलगतची मोठी सिस्ट जाणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. प्रश्न ४ मध्ये सांगितलेली मूत्राशयाकडील नलिका उघडी असेल, तर बाळाची लघवी तिच्यातून नाळेत साचते आणि सिस्ट फुगते. पुढे ती फुटून लघवी गर्भजलात मिसळली की सिस्ट आक्रसते किंवा दिसेनाशी होते. नलिका मात्र उघडीच असते.

असा संशय असल्यास गरोदरपणातच एक गोष्ट पाहता येते. बाळाचे मूत्राशय थोड्या थोड्या वेळाने भरते आणि रिकामे होते, म्हणून आईला बाहेर बसवून अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले जाते. नाळेच्या दोन रोहिण्या मूत्राशयाच्या दोन्ही बाजूंनी जातात, त्यामुळे डॉपलरमध्ये रंगीत कंसांत बसलेले मूत्राशय दिसते. त्याच्या टोकापासून बेंबीतून सिस्टकडे जाणारी काळी वाट सापडली, तर निदान बरेचसे स्पष्ट होते. एका बाईच्या बाबतीत पहिल्या वेळी मूत्राशय रिकामे असल्याने काहीच दिसले नव्हते. ती खाली चहा पिऊन परत आली तेव्हा मूत्राशय आणि सिस्ट यांचा एकच डमरू पडद्यावर उभा होता.

अशा बाळाच्या जन्मानंतर बालरोगतज्ज्ञांना आधीचे सर्व रिपोर्ट दाखवावेत आणि बाळाच्या पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत गळून पडते. त्यानंतरही बेंबी ओली राहत असेल, बाळ रडताना तेथून स्वच्छ पाणी येत असेल किंवा लंगोटाचा वरचा भाग वारंवार भिजत असेल, तर ती लघवी असू शकते. अशा वेळी बेंबीवर हळद, तेल, पावडर किंवा नाणे ठेवू नये. बेंबी कोरडी आणि उघडी ठेवून बाळाला बालशल्यचिकित्सकांकडे न्यावे; नलिका उघडीच राहिली तर ती शस्त्रक्रियेने बंद करता येते.